मज्जारज्जूवरील सौम्य गांठी

वैद्यकांतील ‘सौम्य’ हा शब्द कांहींसा फसवा आहे. जी गांठ आसपासच्या भागांत शिरत नाहीं व शरीरांत अन्यत्र पसरत नाहीं ती सौम्य. कातडीखालीं अशी गांठ जन्मभर राहिली तरी बहुधा बिघडत नाहीं. परंतु मणक्यांच्या नळीला चोहोंकडून हाडांच्या भिंती, आणि तींतून जाणारा मज्जारज्जु जेमतेम करंगळीएवढा जाड. तेथें बदामाएवढी गांठही मनुष्याला पांगळें करूं शकते.

लंडनमधील एका लष्करी अधिकाऱ्याची हकीकत या बाबतींत प्रसिद्ध आहे. १८८४ सालीं त्याच्या डाव्या खवाट्याखालीं कळा येऊं लागल्या. निश्चित निदान होईना. पुढें पाय लुळे पडले, त्यांतील संवेदना गेली, लघवीही अडूं लागली. १८८७ मध्यें डॉ. गॉवर्स यांनीं त्याला तपासलें. आधीं एकाच जागीं कळ आणि मागाहून त्याखालचें सर्व अंग निकामी, हा क्रम महत्त्वाचा होता. प्रथम एका मज्जातंतूचें मूळ दाबलें गेलें असावें व नंतर शेजारचा मज्जारज्जु, असें त्यावरून अनुमान निघालें. अंगाची संवेदना जेथें लोपते ती रेषा गांठीचें ठिकाण सुचवीत होती.

९ जून १८८७ रोजीं हॉर्स्ले यांनीं शस्त्रक्रिया केली. मणक्यांच्या मागील कमानी काढल्या, रज्जूचें आवरण उघडलें. पण गांठ दिसेना! अनुमान खोटें नव्हतें. शेजारच्या मज्जातंतूंचे प्रदेश एकमेकांवर पसरलेले असतात. म्हणून संवेदना लोपते त्याहून बाधा वर असते. शिवाय रज्जूचा भाग बहुधा आपल्या क्रमांकाच्या मणक्याहून वर असतो. आणखी वर उघडतांच गांठ सांपडली. वर्षभरानें तो गृहस्थ दिवसाचे सोळा तास काम करीत होता.

आज एम्. आर्. आय्. यंत्राच्या चुंबकीय चित्रांत गांठीची जागा आधींच दिसते, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं ती मज्जातंतूंपासून हलकेच सोडवितां येते. अडचण उरते ती चित्र वेळेवर काढण्याची. कारण पाठदुखी घरोघरीं असते आणि या गांठी विरळा. सामान्य पाठदुखी पडल्यावर बहुधा शमते. उलट निजल्यावर बळावणारी, झोपेंतून उठविणारी, बरगडीभोंवतीं पट्ट्यासारखी आवळणारी कळ असेल, तर डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. पाय जड वाटूं लागले किंवा लघवी अडूं लागली, तर एक दिवसही दवडूं नये. अल्पकाळ दबलेला मज्जारज्जु पुष्कळदां पूर्ववत् होतो; फार काळ चेपलेला मात्र गांठ काढल्यावरही पुरता सुधारेलच असें नाहीं.