उभ्या गाडीची बॅटरी का बसते?

वरळी कोळीवाड्यात बॅटरी उभ्या जागी मरण्याचे दोन प्रसंग असतात. गाडीला महामुश्किलीने जागा मिळाली की ती गमवायची नाही, म्हणून गाडी आठवडेच्या आठवडे हलत नाही. आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या तशाच असतात. मार्च २०२०च्या अखेरीस कोविडमुळे मुंबईत सर्वांत आधी सील झालेल्या वस्त्यांत हा कोळीवाडा होता, तेव्हा तर सगळंच थांबलं होतं. अशा मुक्कामानंतर सेल्फ मारला की नुसती टकटक ऐकू येते आणि माणूस म्हणतो, ‘वापरलीच नाही, मग झिजली कशी?’

न वापरल्यानेच झिजली.

किल्ली काढली की वीज खर्च व्हायची थांबते, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ आणि इंजिनाचा कॉम्प्युटर जागेच असतात. साधारण २० ते ५० मिलिअँपिअर सतत जातात. ५० धरले तर ३० दिवसांत ३६ अँपिअर-तास होतात, आणि लहान गाडीची बॅटरीच ३५ अँपिअर-तासांची असते. महिना संपायच्या बऱ्याच आधी सेल्फ दम सोडतो. वरून डॅशकॅम किंवा ट्रॅकर बसवला असेल तर आणखी लवकर.

मग वायर काढली की निर्धास्त? तेही खरं नाही. काहीही जोडलेलं नसताना शिसे-आम्लाची बॅटरी महिन्याला ३ ते ५ टक्के आपोआप उतरते आणि उकाड्यात हा वेग वाढतो. तरी महिनाभर गाडी हलणार नसेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढणं शहाणपणाचं. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना शेवटी निगेटिव्ह.

खरं नुकसान मात्र बॅटरी उतरण्यात नाही, उतरलेली तशीच ठेवण्यात आहे. वीज देताना आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट साचतं. लगेच चार्ज केली तर ते परत विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे कडक, मोठे स्फटिक बनतात, आणि ते पुन्हा विरघळायला फारसे तयार नसतात. पट्टीचा तेवढा भाग कायमचा गेला. म्हणूनच दोन महिने अर्धवट पडून राहिलेली बॅटरी नंतर चार्जरवर भरली, तरी पूर्वीइतका वेळ टिकत नाही. रोज धावणाऱ्या टॅक्सीच्या बॅटरीवर हा प्रसंग सहसा येत नाही.

यावर सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे मधूनमधून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. सेल्फला लागणारी वीज तशी थोडीच असते, सुमारे ०.१ अँपिअर-तास, ती काही मिनिटांत भरून निघते. पण दोन आठवड्यांत गेलेले १६-१७ अँपिअर-तास पाच मिनिटांत कुठून येणार? बॅटरीला १० अँपिअर मिळाले असं धरलं तरी एवढ्या वेळात एक अँपिअर-तासही जमत नाही. एसी आणि दिवे लावले तर त्याहून कमी. शिवाय बॅटरी भरत येते तशी ती विद्युतप्रवाह कमी घेते, त्यामुळे शेवटच्या टप्प्याला तास लागतात. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यावी. नाहीतर रात्रभर चार्जर लावावा. जंपर केबलने गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी बरी झाली, असंही नव्हे. तिलाही पूर्ण चार्जिंग हवंच.

होडीवरची बॅटरी घरात आणून फळीवर ठेवतात, कारण जमिनीवर ठेवली तर उतरते असा समज आहे. जुन्या काळी खोकी लाकडाची आणि रबराची असत, बाहेरून वीज झिरपू शकत असे. आजचं खोकं पॉलिप्रॉपिलीनचं असतं. फरशीने काही होत नाही. खाऱ्या हवेने मात्र होतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरते आणि जोड ढिला पडतो. ती साफ करून वर पेट्रोलियम जेली लावावी. बंदी सुरू होण्याआधी बॅटरी पूर्ण भरावी, मग महिन्यातून एकदा पुन्हा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. कोळीवाड्यातल्या लहान खोलीत गॅसची शेगडी आणि देव्हाऱ्यातला दिवा जवळच असतात. म्हणून चार्जर ओट्यावर, उघड्या हवेतच लावावा, ही कळकळीची विनंती. पाणी घालायचं झाकण असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावं, नळाचं नाही, ॲसिड तर नाहीच.

बॅटरीची स्थिती अंदाजाने ठरवू नये. साध्या मल्टीमीटरने, गाडी काही तास बंद असताना मोजा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.४च्या खाली आकडा दिसला की त्याच दिवशी चार्जर लावा.