आपल्या सोनोग्राफीचं चित्र छापायला जातं तेव्हा



पोटात दुखतं म्हणून, छातीत गाठ लागते म्हणून, नाहीतर दिवस गेले म्हणून आपण सोनोग्राफीला जातो. चित्र निघतं, रिपोर्ट हातात येतो, आपण घरी येतो. आपल्या लेखी काम संपलं. पण मोठ्या दवाखान्यात, विशेषतः मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, कधी कधी डॉक्टर आणखी एक कागद पुढे करतात. म्हणतात, "तुमची केस वेगळी आहे. ती छापायची आहे. इथे सही करा." आपण एकतर घाईत सही करून टाकतो, नाहीतर घाबरून नको म्हणतो. हा कागद पुढे कुठं जातो, हे दोन्ही वेळेला आपल्याला ठाऊक नसतं. आज तेवढंच समजून घेऊ.

डॉक्टरांसाठी निघणारी नियतकालिकं असतात. त्यातली काही फक्त एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय या तपासण्यांनाच वाहिलेली आहेत. आपल्या देशातल्या रेडिऑलॉजिस्ट मंडळींच्या संघटनेचं 'इंडियन जर्नल ऑफ रेडिऑलॉजी अँड इमेजिंग' निघतं. अमेरिकेतलं 'रेडिऑलॉजी' १९२३ सालापासून चालू आहे. डॉक्टर ती वाचतात आणि पुढच्या पेशंटचं चित्र बघताना ते ज्ञान वापरतात. म्हणून तिथं छापलेल्या चुकीची किंमत कुणीतरी अनोळखी बाई मोजते, आणि तिथं छापलेल्या खऱ्या गोष्टीने अनोळखी बाई वाचतेही.

याचं एक खरं उदाहरण सांगते. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. लोखंडाच्या आत चीर आहे का, हे आवाजाच्या लहरींनी ओळखायचं यंत्र कारखान्यात वापरत असत. डोनाल्ड यांना वाटलं, पोटातली गाठ अशीच ओळखता येईल का? १९५५ साली ते ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीत भरून एका कारखान्यात घेऊन गेले आणि त्या यंत्राखाली ठेवून बघितल्या. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव मांसल गाठ यांच्यातला फरक यंत्राला कळत होता. पुढे टॉम ब्राऊन या इंजिनिअरने आणि जॉन मॅकव्हिकर या डॉक्टरने त्यांना साथ दिली.

त्यांच्याकडे एक बाई आली. जठराचा कर्करोग आहे, पोटात पाणी झालंय, आता करण्यासारखं काही नाही, असं तिच्याबद्दल ठरून गेलं होतं. या नव्या तपासणीत दिसलं की पाणी पोटभर पसरलेलं नाही, ते एका मोठ्या पिशवीत साठलेलं आहे. ती अंडाशयाची गाठ होती. ऑपरेशन करून काढली, गाठ साधी निघाली, बाई वाचली.

आता विचार करा. डोनाल्ड तेवढ्यावर थांबले असते, तर एक बाई वाचली असती. पण तिघांनी मिळून शोधनिबंध लिहिला. यंत्र कसं आहे, तपासणी कशी केली, चित्रात काय दिसलं, हे त्यात मांडलं. ७ जून १९५८ रोजी 'लॅन्सेट' या नियतकालिकात तो छापून आला. आज तालुक्याच्या गावी आपली सोनोग्राफी होते, त्याच्या मुळाशी ते छापलेले कागद आहेत.

असा निबंध तयार कसा होतो ते बघू.

पहिली पायरी लिहिण्याच्या आधीची आहे. पेशंटवर अभ्यास करायचा, तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली याची नियमावली काढली. तिच्याप्रमाणे समितीत ७ ते १५ सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेच्या बाहेरचा असावा, आणि डॉक्टरांखेरीज कायद्याची जाणकार व्यक्ती आणि समाजातली एखादी सामान्य व्यक्तीसुद्धा असावी. म्हणजे आपल्यासारख्यांच्या बाजूने बोलणारं कुणीतरी तिथं बसलेलं असावं, हा हेतू. निबंध पाठवताना या परवानगीचा उल्लेख त्यात करावा लागतो.

दुसरी पायरी नावगाव काढण्याची. सोनोग्राफीच्या चित्रावर कोपऱ्यात आपलं नाव, वय, तारीख, दवाखान्याचं नाव आलेलं असतं. ते काढून टाकावं लागतं. पण तेवढ्याने भागत नाही. सीडीवर जी फाईल असते, तिच्या पोटात नाव, जन्मतारीख, केसपेपरचा नंबर लपलेला असतो. तोही काढावा लागतो. चेहऱ्याचा फोटो असेल तर डोळ्यांवर काळी पट्टी मारून चालत नाही, कारण ओळखीचं माणूस पट्टीसकट ओळखतं. डोक्याच्या सीटी स्कॅनवरून किंवा एमआरआयवरून कॉम्प्युटरवर चेहरा उभा करता येतो, म्हणून तिथंही काळजी घ्यावी लागते. आणि मजकुरात 'अमुक गावची, अमुक वयाची, तीन मुलींची आई' असं लिहिलं, तर नाव न घेताही अख्खं गाव ओळखतं. असले तपशील गरजेचे नसतील तर गाळायचे असतात.

तिसरी पायरी लिहिण्याची. निबंधाचे ठरलेले भाग असतात. सुरुवातीला थोडक्यात सारांश. मग हा अभ्यास का केला, कसा केला, काय आढळलं, आणि त्याचा अर्थ काय. 'कसा केला' हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. कोणतं यंत्र, किती जणींची तपासणी, कुणाला घेतलं, कुणाला वगळलं, चित्र कुणी वाचलं, हे सगळं दुसऱ्या डॉक्टरला तसंच करून बघता येईल इतकं स्पष्ट हवं. बचत गटाच्या वहीत नुसती शिल्लक लिहून भागत नाही, जमा कुठून आली आणि खर्च कशावर झाला हेही लागतं. तसंच हे. तपासण्यांच्या अभ्यासासाठी 'स्टार्ड' नावाची यादी आहे. २०१५ च्या सुधारित यादीत ३० मुद्दे आहेत. त्यातलं काही राहून तर गेलं नाही ना, हे लिहिणारा ताडून बघतो.

आकडे कसे मांडायचे तेही बघा. समजा, छातीत गाठ असलेल्या १०० जणींची सोनोग्राफी केली. नंतर गाठीचा तुकडा तपासला, तेव्हा २० जणींना खरोखर कर्करोग निघाला. सोनोग्राफीने त्यातल्या १८ जणी ओळखल्या होत्या. म्हणजे दोघी सुटल्या. उरलेल्या ८० जणींना कर्करोग नव्हता, पण त्यातल्या ८ जणींना 'संशय आहे' असं सांगितलं गेलं. म्हणजे आठ घरांत विनाकारण धास्ती. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले. पण निबंधात दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतात. १८ ओळखल्या एवढंच सांगून, सुटलेल्या दोघी आणि घाबरलेल्या आठ जणी झाकून ठेवता येत नाहीत.

चित्रांचंही तसंच. चित्र स्वच्छ हवं, नेमकं काय बघायचं तिथं बाण हवा, खाली दोन ओळींची माहिती हवी. चित्र जरा उजळ केलं तर ते सगळंच सारखं उजळ करायचं. नको असलेला डाग पुसणं, हवी ती रेघ ठळक करणं म्हणजे फसवणूक.

लेखक म्हणून नाव कुणाचं घालायचं, यालाही नियम आहे. ज्याने अभ्यासात खरं काम केलं, लिहिण्यात किंवा तपासण्यात हात लावला, छापायला संमती दिली आणि मजकुराची जबाबदारी घेतली, तोच लेखक. साहेब मोठे आहेत म्हणून त्यांचं नाव घालायचं नसतं. बाकी मदत केलेल्यांचे आभार शेवटी मानतात. यंत्राच्या कंपनीने पैसे दिले असतील तर तेही उघड सांगावं लागतं.

मग निबंध पाठवायचा. एका वेळी एकाच नियतकालिकाकडे. बऱ्याच ठिकाणी लेखकांची नावं वेगळ्या पानावर घेतात आणि निबंध बिननावाचा करून त्या विषयातल्या परीक्षकांकडे देतात. परीक्षकाला लेखक माहीत नसतो, लेखकाला परीक्षक माहीत नसतो. त्यामुळे भीड पडत नाही. परीक्षक शंका काढतात, लेखक एकेका शंकेला उत्तर देतो, निबंध सुधारतो. कधी दोन-तीन वेळा असं होतं, महिने जातात. कधी निबंध परत येतो. पैसे घेऊन न तपासता छापणारी बनावट नियतकालिकंही आहेत. चांगला डॉक्टर त्यांच्या वाटेला जात नाही.

आता आपल्या सहीकडे येऊ. दवाखान्यात आपल्यापुढे वेगवेगळे कागद येतात आणि सगळे सारखेच दिसतात. गरोदरपणातल्या सोनोग्राफीच्या वेळी एफ फॉर्म असतो. गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, असं आपण त्यात लिहून देतो. तो १९९४ च्या कायद्याने लागतो. ऑपरेशनचं संमतीपत्र असतं, ते उपचारासाठी. अभ्यासात भाग घेण्याचं संमतीपत्र निराळं. आणि आपली एकटीची केस, आपलं चित्र छापायचं असेल तर त्याची संमती आणखी निराळी. ऑपरेशनला हो म्हटलं म्हणजे छापायला हो म्हटलं, असं होत नाही.

म्हणून चार गोष्टी विचारा. हा कागद उपचाराचा, अभ्यासाचा की छापण्याचा? माझं नावगाव कुठे दिसणार आहे का? नाही म्हटलं तर माझ्या उपचारात काही फरक पडेल का? या कागदाची एक प्रत मला मिळेल का?

नाही म्हटल्याने उपचार थांबता कामा नयेत, हा नियम आहे. कागद आपल्याला समजेल अशा भाषेत हवा. वाचता येत नसेल, तर तो वाचून दाखवताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा आणि त्यानेही सही करायला हवी. नुसता अंगठा उठवून घेणं पुरेसं नाही. हो म्हटल्यावर मन बदललं, तर अभ्यासातून बाहेर पडता येतं. पण एकदा छापून जगभर गेलेलं चित्र परत आणता येत नाही. म्हणून छापण्याची सही करण्याआधी घरी जाऊन विचार करायला वेळ मागा. तो मागण्यात काही गैर नाही.

आणि समजून घेतल्यावर पटलं, तर हो जरूर म्हणा. ग्लासगोच्या त्या बाईसारखं आपलंही एखादं चित्र उद्या कुठल्या तरी बाईच्या उपयोगी पडेल. फक्त ते आपण जाणून दिलेलं असावं, कुणी न सांगता नेलेलं नसावं.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न मोठ्याने वाचा. आपल्यातली एखादी सोनोग्राफीला जाणार असेल, तर तिच्याकडून पाठ करून घ्या.