बटणातला शून्य

फौजेतून निवृत्त झाल्यावर एका कार्यालयात मी प्रशासन सांभाळत होतो. एका रात्री पहारेकऱ्याच्या छातीत कळ आली. सोबत्याने फोनवरचं 'ॲम्ब्युलन्स' लिहिलेलं बटण दाबलं. घंटी वाजली ती वरच्या मजल्यावर, कुलूपबंद हिशेब खात्यात! बटणात नुसतं 108 भरलं होतं, आणि आमच्या ईपीएबीएक्सवर 108 हा हिशेब खात्याचा इंटरकॉम. बाहेरच्या लाइनसाठी आधी 0 लागतो, हे भरणाऱ्याला सांगायचं मीच विसरलो होतो. शेवटी मोबाइलवरून गाडी बोलावली. माणूस वाचला.

तर, त्या टेबलावरून हाताने जसा नंबर लावाल तसाच बटणात भरा. आधी 0, मग 'पॉज', मग नंबर. पॉज म्हणजे बाहेरचा टोन यायला क्षणभर उसंत. ती नसेल तर सुरुवातीचे आकडे वाया जाऊ शकतात.

काही नंबर फोनच्या पोटात असतात, काही ईपीएबीएक्समध्ये. फोन बदलला की पहिले गेले. (फौजेत आम्ही लाइन रोज तपासायचो. इथे बटणावर धूळ!)

तपासणीसाठी 108 ला उगाच त्रास नको. त्याच बटणात आधी स्वतःचा मोबाइल नंबर भरा. तो वाजला की 0 आणि पॉज तसेच ठेवून पुढचे आकडे बदला.