चारचौघांची नजर

मराठीत 'सभाधीट' असा एक छान शब्द आहे. चारचौघांत न डगमगता बोलतो तो सभाधीट. त्याच्या उलट माणसासाठी मात्र आपल्याकडे शब्दांची रांगच आहे: लाजाळू, बुजरा, भिडस्त, घुमा, मुखदुर्बळ. यातला 'भिडस्त' तर बरेचदा कौतुकानेच वापरतात. मुलगी लाजाळू असली की 'वळणाची' म्हणायचं आणि मुलगा असला की 'मोठा झाला म्हणजे सुटेल' म्हणून सोडून द्यायचं. पुष्कळ मुलं सुटतातही. जी सुटत नाहीत, त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे.

आमच्या उमेळ्यात एका माउलीने मला विचारलं, "भाऊ, पाहुणे आले की हा मोरीत जाऊन बसतो. नोकरीच्या मुलाखतीला बोलावलं, तर नायगाव स्टेशनापर्यंत गेला नि परत आला. शिकलेला पोरगा. कुणाची नजर लागली का हो याला?"

नजर उतरवण्यावर माझा विश्वास नाही. पण तिचा शब्द अचूक होता. हा आजार नजरेचाच आहे. लोक आपल्याकडे बघताहेत, आपला आवाज कापलेला त्यांना कळलाय, आता ते हसणार, ही धास्ती मनातून जातच नाही. १९६६ साली आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर या ब्रिटनमधल्या मनोविकारतज्ज्ञांनी या भीतीचं वेगळेपण दाखवून दिलं. १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत तिला स्वतंत्र जागा मिळाली. आधी तिला 'सोशल फोबिया' म्हणत, आता 'सामाजिक चिंता विकार' म्हणतात. ती बहुधा शाळेच्या शेवटच्या वर्षांत, वयात येताना सुरू होते. म्हणून तर घरच्यांना तो वयाचा दोष वाटतो.

मग साधा लाजाळूपणा कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो? भीती किती वाटते यापेक्षा भीतीपायी काय काय सोडलं, ते पाहावं. सही करताना हात थरथरेल म्हणून बँकेत धाकट्या भावाला पाठवणं. लग्नाला जायचं, पण पंगतीला बसायचं नाही. फोन वाजला की दुसऱ्याच्या हातात द्यायचा. उत्तर येत असूनही वर्गात हात वर करायचा नाही. अशी एकेक गोष्ट सुटत जाते आणि दहा वर्षांनी माणूस पाहतो, तर आयुष्याची एक खोली तेवढी उरलेली असते. आम्हा कवी मंडळींत तर गंमतच. व्यासपीठावर गर्जना करणारा कवी कार्यक्रमानंतरच्या जेवणात कोपरा शोधताना मी पाहिलाय. उलट घरात गप्पांचा फड जमवणाऱ्याच्या हातातला कवितेचा कागद माइकसमोर फडफडतो. तेव्हा वरवर पाहून कुणी निदान करू नये.

ही भीती टिकून कशी राहते, याचं एक पटणारं स्पष्टीकरण डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली मांडलं. लोकांत गेल्यावर अशा माणसाचं लक्ष समोरच्याकडे नसतंच, ते स्वतःवर खिळलेलं असतं. छाती किती धडधडते, कान लाल झाले का, याचाच हिशेब चाललेला असतो. वर बचावाच्या युक्त्या असतात. हात कापू नये म्हणून चहाचा कप घट्ट धरायचा, आणि घट्ट धरल्यामुळेच तो जास्त कापतो. वाक्य मनात घोकून ठेवायचं, आणि त्या नादात समोरचा काय म्हणाला ते ऐकूच येत नाही. वेळ निभावली, तर श्रेय युक्तीला जातं. 'युक्ती नसती तरी निभावलं असतं' हे कधी कळतच नाही.

म्हणून 'धीट हो रे जरा' या सल्ल्याचा उपयोग नाही. उपचार म्हणजे सल्ला नव्हे, तो सराव आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला ते घाबरत. त्यांनी ठरवलं, घराजवळच्या वनस्पतिउद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायचं. महिनाभरात शंभरावर स्त्रियांशी ते बोलले. काही जणी उठून गेल्या. एक भेटायला कबूल झाली, ती आलीच नाही. (आजच्या तरुणांनी हा प्रयोग मुळीच करू नये, त्या बायांना काय वाटलं असेल, याचाही विचार हवा.) पण एलिस यांना एक गोष्ट कळली. शंभर वेळा नकार मिळूनही आभाळ कोसळलं नाही. पुढे १९५५ पासून त्यांनी जी उपचारपद्धती मांडली, ती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी पत्रव्यवहार करत आत्मसात केली आणि 'विवेकनिष्ठ' या नावाने महाराष्ट्रात रुजवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या संस्थेतही तिचा मोठा वापर होतो. एलिस आपल्या रुग्णांना गृहपाठ देत: धावत्या गाडीत येणाऱ्या स्टेशनचं नाव मोठ्याने पुकारा. विरार लोकलमध्ये कुणी 'नायगाव!' ओरडलं, तर चार माना वळतील आणि पुन्हा मोबाइलमध्ये जातील. तेवढंच अनुभवायचं असतं.

आजच्या उपचारात भीतीची शिडी करतात. आधी दुकानदाराला भाव विचारायचा, मग अनोळखी माणसाला रस्ता, मग मिटिंगमध्ये एक प्रश्न. साधारण १२ ते १६ भेटींत बऱ्याच जणांना फरक पडतो. काहींना औषध लागतं. ते मनोविकारतज्ज्ञच देतात, परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि ते आपल्या मनाने बंद करायचं नसतं.

खरी अडचण वेगळीच आहे. हा आजार दवाखान्याच्या दारातच आडवा उभा असतो. अपॉइंटमेंटसाठी फोन करायचा, लोकांनी भरलेल्या बाकावर बसायचं, अनोळखी माणसाला मनातलं सांगायचं. म्हणजे ज्या तीन गोष्टी जमत नाहीत, त्याच आधी करायच्या! २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मनाच्या वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोचत नसल्याचं आढळलं. त्यात गावातली भीती निराळी: ओळखीच्या कुणी पाहिलं तर? त्यासाठी कुणी मुद्दाम बोरिवलीला किंवा घोडबंदरवरून ठाण्याला जात असेल, तर खुशाल जावं. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे. चेहरा न दाखवता सुरुवात करायची असेल, तर सरकारची 'टेली-मानस' सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. ती विनामूल्य आहे, रात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं.

आणि बोलणं जमत नसेल, तर लिहून न्यावं. त्या माउलीला मी हेच सांगितलं. कशाची भीती वाटते, कधीपासून, त्यापायी काय काय सोडलं, हे एका कागदावर लिहायचं आणि डॉक्टरांसमोर ठेवायचं. त्यात कमीपणा नाही, उलट डॉक्टरांचं काम सोपं होतं. सोबत कुणी जावं, पण त्याच्या वतीने बोलू नये. पहिल्या खेपेला केसपेपर सोबत्याने काढला तरी चालेल. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मात्र मुलालाच खिडकीशी उभं राहू द्यावं. मागे रांग असेल, कुणी 'चला लवकर' म्हणेलही. म्हणू द्यावं.