रिवाइंड केलेलं प्रेम

‘ब्रेकअप’ हा शब्द आपल्याकडे रुळायच्या आधीच 1998 मध्ये ‘गारवा’ आला. शब्द सौमित्रचे, म्हणजे आपल्या किशोर कदमचे. संगीत मिलिंद इंगळेचं. त्यात गाण्याआधी चक्क कविता! दादा-ताईंची अख्खी पिढी त्या पावसात भिजली.

माझं ठाम मत आहे, ही गाणी माहूरसारख्या गावात जास्त भिडतात. कारण इथे भेटायचं कुठे? रेणुकामातेच्या गडावर मावशी दिसणार, दत्तशिखरावर शाळेतले सर सहकुटुंब! मग तिचं लग्न ठरतं, ती नांदेडला नाहीतर पुण्याला जाते आणि सांगायचं ते राहूनच जातं.

लकी अलीचं ‘ओ सनम’ (1996) घ्या, नाहीतर युफोरियाचं ‘माएरी’ (2000). यातला हिरो तिला बेवफा ठरवत नाही, नुसता झुरतो. दोष न देता हळहळता येतं, हे या गाण्यांनीच शिकवलं.

एकच गोष्ट खटकते. दोन्हीकडे आवाज त्याचाच! सांगायचं तर तिचंही राहिलं असेल ना? मंडळी, हेडफोन लावून झुरताना तिच्या बाजूचं गाणंही एकदा मनात वाजवून बघा.