घरातील दमट हवा व तिचे निवारण

पौष महिन्यातील पहाट आहे. रात्रभर दारे-खिडक्या घट्ट लावून निजलेले कुटुंब जागे होते, तेव्हा खिडकीच्या काचांवरून पाण्याचे ओघळ उतरलेले असतात. खिडकीची चौकट भिजलेली असते. कपाट पुढे ओढून पाहिले तर त्यामागील भिंतीवर काळसर बुरशीचे ठिपके दिसतात. पावसाळा संपून तीन महिने लोटले आहेत. छपरातून थेंबभरही पाणी गळत नाही. मग हे पाणी आले कोठून?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबाद शहराचे उदाहरण घेऊ. गंगा व यमुना यांच्यामधील सखल प्रदेशात, हिंडन नदीच्या काठी वसलेल्या या शहरात दमटपणाचे दोन निरनिराळे ऋतू येतात. एक धुक्याच्या कडक थंडीचा व दुसरा पावसाळ्याचा. दोन्ही ऋतूंत भिंती ओलावतात. पण कारणे भिन्न असल्यामुळे उपायही भिन्न आहेत. हा भेद न ओळखता एखादे यंत्र विकत आणणे म्हणजे निदानावाचून औषध घेण्यासारखेच होय.

दव पडत नाही, जमते

‘दव पडते’ असे आपण म्हणतो. परंतु दव पावसासारखे वरून पडत नाही. लंडनमधील वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी लोकरीचे लहान पुंजके रात्री उघड्यावर ठेवून व पुन्हा तोलून कोठे किती दव साचते याचा अभ्यास केला. रात्री ज्या वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा अधिक थंड होतात त्यांच्यावरच हवेतील बाष्पाचे पाणी होते, असा निष्कर्ष त्यांनी १८१४ साली प्रसिद्ध केला.

हवेत किती बाष्प राहू शकेल, हे उष्णतामानावर अवलंबून असते. एक घनमीटर जागेत ३० अंश सेल्सिअसला सुमारे ३० ग्रॅम, २० अंशांना १७ ग्रॅम, तर १० अंशांना अवघे ९.४ ग्रॅम बाष्प राहू शकते. ही मर्यादा गाठली म्हणजे हवा संपृक्त झाली असे म्हणतात. मर्यादेच्या मानाने प्रत्यक्षात किती बाष्प आहे, हे शेकडेवारीत सांगितले म्हणजे ती सापेक्ष आर्द्रता होय. हवा थंड होत गेली की ज्या उष्णतामानाला ती संपृक्त होते त्यास दवबिंदू म्हणतात. त्याहून थंड पृष्ठभाग मिळाला की त्यावर पाणी जमू लागते. बाष्पाचे पाणी होण्याच्या या क्रियेचे नाव सांद्रीभवन.

शाळेत हा प्रयोग सहज करता येतो. स्टीलच्या चकचकीत पेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाचे लहान खडे टाकीत व ढवळीत जावे. पेल्याची बाहेरील बाजू ज्या क्षणी धुरकट होईल, त्या क्षणीचे पाण्याचे उष्णतामान हा खोलीतील हवेचा दवबिंदू समजावा.

बंद खोलीचा हिशेब

गाझियाबादेतील जानेवारीच्या एका रात्री बाहेर ८ अंश व निजण्याच्या खोलीत १८ अंश उष्णतामान आहे आणि खोलीची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के आहे, असे समजू. या हवेचा दवबिंदू सुमारे साडेतेरा अंश येतो. एकेरी काचेची आतील बाजू अशा वेळी दहा-अकरा अंशांपर्यंत उतरते. म्हणून काचेला घाम फुटतो. नऊ इंची विटांची भिंत पंधरा अंशांच्या आसपास राहते. तिच्यावर पाणी दिसत नाही. तथापि तिला चिकटून असलेल्या हवेची आर्द्रता नव्वद टक्क्यांजवळ पोहोचते. पृष्ठभागालगतची आर्द्रता बराच काळ ऐंशी टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढू लागते. तिला पाण्याचे थेंब लागत नाहीत. काँक्रीटमधून विटेपेक्षा अधिक उष्णता बाहेर जाते, म्हणून खांब व तुळया जेथे भिंतीत दडलेल्या असतात तेथे बुरशी प्रथम उमटते. कपाटामागील भिंतीला खोलीची ऊब पोहोचत नाही. तेथेही हेच घडते.

हे बाष्प घरातच निर्माण होते. चार मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा या खोलीच्या हवेत फार तर अर्धा लिटर पाणी बाष्परूपाने असते. परंतु तेथे निजलेली दोन माणसे आठ तासांत श्वास व घाम यांवाटे त्याहून अधिक पाणी हवेत सोडतात. स्वयंपाक, स्नान व घरात वाळत घातलेले कपडे जमेस धरले तर चौघांच्या कुटुंबात दिवसाकाठी साधारणतः दहा लिटर पाण्याची वाफ होते. स्वयंपाकाचा गॅस एक किलोग्रॅम जळला की सुमारे दीड किलोग्रॅमहून अधिक पाणी तयार होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

थंडी घालविण्यासाठी बंद खोलीत कोळशाची अंगीठी अथवा धुराडे नसलेली गॅसची शेगडी पेटविण्याची प्रथा तर प्राणघातक आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही व वासही नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. कोणतेही आर्द्रतानिवारक यंत्र हा वायू काढून टाकीत नाही.

खिडकी केव्हा उघडावी?

बाहेर दाट धुके असताना खिडकी उघडली तर घर अधिकच ओले होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हिशेब उलट सांगतो. आठ अंशांवरील संपृक्त हवेत दर घनमीटरला ८.३ ग्रॅम बाष्प असते, तर आपल्या बंद खोलीत ते साडेअकरा ग्रॅम आहे. बाहेरची ही हवा आत येऊन १८ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांहून थोडीच अधिक राहते. म्हणजे हिवाळ्यात बाहेरची हवा हेच घर कोरडे करण्याचे सर्वांत स्वस्त साधन होय.

पण गाझियाबादसारख्या शहरात येथेच खरी अडचण उभी राहते. हिवाळ्यात तेथील हवेत धूर व सूक्ष्म धूलिकण यांचे प्रमाण वारंवार आरोग्यास घातक अशा पातळीवर जाते. ओली हवा बाहेर घालवावी, तर दूषित हवा आत येते. यातला मध्यममार्ग असा की स्वयंपाकघरात व न्हाणीघरात हवा बाहेर टाकणारा पंखा लावून वाफ निघेल तेथूनच ती काढावी. कपडे गच्चीत वाळवावेत. आणि दुपारी, जेव्हा जमिनीजवळची हवा तापून वर चढते व प्रदूषण बहुधा कमी असते, तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या दहा-पंधरा मिनिटे उघडाव्यात. हवा शुद्ध करणारे यंत्र धूळ गाळते, बाष्प नव्हे. त्याच्याकडून ही अपेक्षा करू नये.

पावसाळ्यात मात्र नियम फिरतो. बाहेर ३० अंश उष्णतामान व ८० टक्के आर्द्रता असता दर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते व दवबिंदू २६ अंशांवर जातो. वातानुकूलन यंत्राने २४ अंशांपर्यंत थंड केलेल्या खोलीची खिडकी अशा वेळी उघडली, तर भिंती, फरशी व पुस्तकांची पुठ्ठ्याची वेष्टनेही ओलावतात. कोकणात आषाढ-श्रावणात कपाटातील चामड्याच्या वस्तूंवर बुरशी चढते, ती याच जातीच्या दमटपणाने. या ऋतूत वाऱ्याने घर वाळत नाही. बाष्पच काढून घ्यावे लागते.

यंत्राची निवड

बाजारात ज्यास डीह्युमिडिफायर म्हणतात त्या यंत्राचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिल्यात शीतकपाटाप्रमाणे एक थंड नळी असते. पंखा खोलीतील हवा तिच्यावरून नेतो, बाष्पाचे पाणी होऊन टाकीत ठिबकते व कोरडी हवा गरम नळीवरून परत खोलीत येते. काचेवर नको असताना जे घडते, तेच येथे मुद्दाम घडविलेले असते. दुसऱ्या प्रकारात सिलिका जेल अथवा झिओलाइट यांसारखा शोषक पदार्थ लावलेले चाक फिरते. ते बाष्प शोषते व तापविल्यावर सोडून देते.

पहिला प्रकार उष्ण व दमट हवेत थोड्या विजेत पुष्कळ पाणी काढतो. मात्र खोली सुमारे १५ अंशांच्या खाली गेली की नळीवर हिम साचून त्याचे काम मंदावते. दुसरा प्रकार थंडीतही चालतो, पण वीज अधिक खातो. म्हणून पावसाळ्यासाठी पहिला व ऊब नसलेल्या थंड खोलीसाठी दुसरा योग्य ठरतो.

विकत घेताना वेष्टनावरील ‘दिवसाला इतके लिटर’ हा आकडा पाहून भुलू नये. तो पुष्कळदा ३० अंश व ८० टक्के आर्द्रता या यंत्रास सोयीच्या स्थितीत मोजलेला असतो. २७ अंश व ६० टक्के आर्द्रतेत तेच यंत्र त्याच्या निम्म्याच्या आसपास पाणी काढते. थंड खोलीत त्याहूनही कमी. म्हणून हा आकडा कोणत्या स्थितीतला, हा प्रश्न विक्रेत्यास प्रथम विचारावा. टाकी केवढी आहे, नळीने पाणी मोरीत सोडता येते काय, ठरविलेल्या आर्द्रतेला यंत्र आपोआप थांबते काय व आवाज किती होतो, हेही पाहावे. हातात मावणारी लहान यंत्रे दिवसाला पाव-अर्धा लिटरच पाणी काढतात. ती खोलीच्या उपयोगाची नव्हेत. बंद कपाटासाठी कॅल्शियम क्लोराइडची डबी पुरते.

विजेचा हिशेब सोपा आहे. ३०० वॅटचे यंत्र दहा तास चालले तर तीन युनिटे लागतात. शिवाय एक लिटर बाष्पाचे पाणी होताना सुमारे ०.७ युनिटाइतकी उष्णता सुटते आणि तीही खोलीतच राहते. हिवाळ्यात ही ऊब हवीशी वाटते. पावसाळ्यात खोली तापते. ज्या घरी वातानुकूलन यंत्र आहे त्यांनी पावसाळ्यात प्रथम तेच वापरून पाहावे. ते पाणी व उष्णता दोन्ही बाहेर टाकते.

आधी मोजावे

यंत्राआधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, भिंतीच्या ओल्या जागेवर पातळ ॲल्युमिनियमचा कागद चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. खोलीकडील बाजू ओली झाली तर ते सांद्रीभवन. भिंतीकडील बाजू ओली झाली तर पाणी भिंतीतून येत आहे, आणि तेथे यंत्र नव्हे, गवंडी व नळकारागीर हवा.

दुसरी, एक साधा आर्द्रतामापक घ्यावा व त्याची परीक्षा करावी. चमचाभर मीठ किंचित पाण्याने ओलसर करून मापकाशेजारी झाकणबंद डब्यात एक दिवस ठेवावे. डब्यातील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक जितका चुकेल तितकी दुरुस्ती ध्यानात ठेवावी. पावसाळ्यात उघड्या मिठाला पाणी सुटते, ते हवेची आर्द्रता याच मर्यादेपलीकडे गेल्यामुळे.

घरातील आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राखणे पुरेसे आहे. ओलसर व बुरशीच्या घरांत दमा व श्वसनाचे विकार अधिक आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करताना नमूद केले आहे. म्हणून भिंतीवरील तो काळा ठिपका केवळ रंगाने झाकू नये. प्रथम मोजावे, मग वाफेचे मूळ तोडावे, ऋतू पाहून खिडकी उघडावी अथवा लावावी, आणि एवढे करूनही ओल उरली तरच यंत्र आणावे. हा क्रम पाळला तर यंत्र लहान पुरते. पुष्कळ घरी ते लागतही नाही.