धुराड्याची आतली बाजू

यवतमाळच्या मारेगाव तालुक्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी फिरलात तर धुऱ्याधुऱ्यावर आणि घरामागे पऱ्हाटीचे ढीग दिसतील. कापूस वेचून झाला की झाड उपटायचे, वाळवायचे आणि चुलीत घालायचे, हा इथला जुना हिशेब. कृषी खाते सांगते, पऱ्हाटी साठवू नका, गुलाबी बोंडअळीला त्यात आसरा मिळतो. २०१७ साली या अळीने यवतमाळच्या शेतकऱ्याचे कंबरडे मोडले, तरी ढीग हटलेले नाहीत. शेतातून फुकट मिळणारे दुसरे सरपण आणायचे कुठून?

उज्ज्वला योजनेचा गॅस १ मे २०१६ पासून देशभर वाटला जाऊ लागला. त्यानंतर चुलीचे काय झाले, एवढेच बघून यायला संपादकांनी सांगितले होते. शेगडी बहुतेक घरांत आहे. पाहुणा आला, चहा ठेवायचा झाला की ती पेटते. भाकरी, वरण आणि अंघोळीचे पाणी मात्र चुलीवरच होते, कारण मजुरीच्या पैशातून भरलेले सिलिंडर पुरवून पुरवून वापरावे लागते. चुलीचा धूर अजून घरातच आहे, आणि तो बाहेर काढायचा कसा या प्रश्नात मी गुंतून गेलो.

हा प्रश्न विदर्भाला नवा नाही. शेजारच्या वर्ध्यात, मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पांनी उभे केले. तिथूनच धुराडे असलेली ‘मगन चूल’ देशभर गेली. १९५३ च्या सुमारास हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ पर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६ साली स्थापन झालेल्या ‘आरती’ संस्थेने ‘लक्ष्मी’सारख्या चुलींचे साचे आणि त्या घडवणारे हात तयार केले. या इतिहासात चुलींची मोजदाद भरपूर सापडते. धुराडे आतून कसे असावे, याबद्दल फार थोडे.

ते मला दाखवले एका कोलाम पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, मावशींनी. चुली बसवायचे काम त्या पूर्वी एका शिबिरात शिकल्या, बाकीचे हाताने शिकवले. भिंतीला लागून कच्च्या विटांचा चौकोनी उभार त्यांनी आधीच चढवला होता. आत राख चोळलेला प्लॅस्टिक पाइपचा तुकडा उभा. रात्रभर भिजवलेली माती, गव्हाचा भुसा आणि शेण पायाने तुडवून एकजीव केलेला गारा त्या पाइप आणि विटांच्या मधल्या फटीत भरत होत्या, काठीने ठासत होत्या. फट भरली की पाइपला हलकासा पीळ द्यायचा, चार बोटे वर ओढायचा, पुन्हा गारा. पाइप वर सरकत गेला तशी खाली गुळगुळीत गोल नळी उरत गेली. मग मावशींनी हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या, ओला फडका घेतला आणि कोपरापर्यंत हात आत घालून नळीला आतून पोतेरे दिले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो खालच्या वळणावर. वैलाखालून आलेला धूर जिथे उभ्या नळीत शिरतो, तिथला काटकोन त्या बोटांनी पुन्हा पुन्हा गोल करत होत्या. मी विचारले तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, “कोपरा रायला का तिथंच काजळी बसते, भाऊ. मंग धूर मांघं फिरते.”

यामागचे शास्त्र सरळ आहे. तापलेला धूर हलका असतो, तो वर चढतो आणि आपल्यामागे चुलीच्या तोंडातून हवा ओढून घेतो. ही ओढ धुराड्याच्या उंचीवर आणि आतल्या उष्णतेवर चालते. नळी फार रुंद असेल तर धूर रेंगाळतो, गार होतो आणि त्यातले डांबर भिंतीवर चिकटते. फार अरुंद असेल तर तो उलटा घरात येतो. मातीचे जाड अस्तर धुराची ऊब धरून ठेवते, विटांच्या सांध्यांतून धूर झिरपू देत नाही आणि डांबराची झळ भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही. ओली पऱ्हाटी जाळली की डांबर भराभर साचते. साचलेला थर एखाद्या दिवशी पेटला, तर वर गवताचे छप्पर असते.

इंग्लंडमधल्या जुन्या घरांची धुराडीसुद्धा आतून चुन्यात शेण कालवून गिलावली जात. १९६० च्या दशकात तिथे नव्या धुराड्यांना अस्तर घालणे नियमाने बंधनकारक झाले. जुन्या धुराड्यात आजही एक रीत वापरतात: रबराची लांब नळी आत सोडून फुगवायची, तिच्याभोवती पातळ काँक्रीट ओतायचे आणि ते आवळले की हवा सोडून नळी ओढून काढायची. मावशींच्या पाइपाची आणि या रबरी नळीची युक्ती एकच. ही गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी विचारले, सिमिट तापल्यावर तडकत नाही का? साधे सिमेंट तडकतेच, म्हणून तिथले मिश्रण उष्णता सोसणारे असते. इथे काही ठिकाणी सरकारी चुलीच्या धुराड्याला हौसेने आतून सिमेंट लावलेले असते. माती एका गतीने फुगते आणि सिमेंट दुसऱ्या, त्यामुळे त्याच्या खपल्या सुटून नळीत अडकतात.

अस्तर वाळताना बारीक भेगा पडतातच. त्या पातळ काल्याने भरून, सावलीत नीट वाळू देऊन, मग आधी मंद जाळ करायचा. इथवर मावशींचा हात चालतो. पुढचे सगळे अवघड आहे.

छपराच्या वर, आढ्यापेक्षा दोन फूट तरी उंच, नळ न्यावा लागतो. मातीचा उभार इतका उंच पावसात टिकत नाही. टिनाचा नळ आतल्या आंबट ओलाव्याने गंजतो आणि त्याची पहिली भोके छपरापाशीच पडतात. म्हणून सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या काळापासून अॅस्बेस्टॉस-सिमेंटचा नळ रूढ झाला. स्वस्त, हलका, न गंजणारा. तो घरच्या करवतीने कापताना उडणारी धूळ कर्करोगाला कारणीभूत होते, हे जगाने कधीच मान्य केले आहे. धुरापासून फुप्फुसे वाचवायला बसवलेली चूल नळ कापणाऱ्याच्या फुप्फुसात ती धूळ घालते, आणि तो नळ आजही सर्रास वापरला जातो, याचा मला खरोखर राग येतो. भाजलेल्या मातीच्या, एकात एक बसणाऱ्या नळ्या कुंभार घडवू शकतो. पण त्या जड असतात, वाहतुकीत फुटतात आणि सुटी मागणी असेल तर भट्टी परवडत नाही.

नळ कोणताही असो, त्यात काजळी साचणारच. ओडिशातल्या सुमारे २६०० कुटुंबांमध्ये रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी धुराड्याच्या चुलींचा काही वर्षे अभ्यास केला. पहिल्या वर्षी बायकांच्या शरीरात जाणारा धूर कमी झालेला दिसला, नंतर तो फरक मावळला. चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, भेगा बुजवल्या गेल्या नाहीत, धुराडी साफ झाली नाहीत. हा निष्कर्ष वाचून अनेकांनी बायकांना बोल लावला. पहाटे पाणी भरून दिवसभर निंदणाला जाणाऱ्या बाईने छपरावर चढून काजळी झाडावी, ही अपेक्षा ज्यांनी आराखड्यात गृहीत धरली, त्यांना कोणी विचारले नाही.

मावशींनी बसवलेल्या नळीला खाली वीतभर तोंड ठेवलेले असते, मातीच्या झाकणाने बंद केलेले. तिथून दोरीला गोणपाटाची गुंडाळी बांधून वर-खाली ओढली की काजळी खाली पडते, छपरावर चढावे लागत नाही. ज्या घरांत हे तोंड आहे तिथली धुराडी मला मोकळी दिसली. हे तोंड ठेवायला अर्धा तास जास्त लागतो, आणि चुलीमागे ठरलेल्या मजुरीत तो अर्धा तास धरलेला नसतो. पावसाळ्याआधी भेगा बुजवायला कोणी बोलावले तर मावशी जातात. त्याचे पैसे कुठल्याच योजनेत नाहीत. कोणी पायलीभर ज्वारी देते, कोणी पुढच्या हंगामात देऊ म्हणते.